बेवारस कोणी ठरविले?

वाचकहो, अग्रलेखाची ही जागा कुत्र्यांच्या प्रश्नाला द्यावी काय, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात उभी राहील. ज्यांच्या डोक्यावर अजून धड छप्पर नाही, ज्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज कचेऱ्यांतून महिनोन् महिने पडून राहतात, त्यांच्यापुढे दूरदेशीच्या कुत्र्यांची कथा कशासाठी मांडावयाची? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आम्ही आरंभीच देतो. एखाद्या समाजाचा अधिकार काढून घ्यावयाचा असला म्हणजे राज्यकर्ते प्रथम त्या समाजाच्या वस्तूला 'बेवारस' म्हणतात. जमीन पडीक, रान सरकारी, जनावर भटके. हा शब्द एकदा कागदावर चढला की मालकाला विचारण्याचे कारणच उरत नाही. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या दुर्गम वस्त्यांत कुत्र्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. आणि जेथे मालकाला विचारण्यास आरंभ झाला, तेथे तो प्रश्न सुटण्याच्या मार्गास लागला. ही हकीकत दयेची आहे त्याहून अधिक न्यायाची आहे, म्हणूनच ती आपणांस सांगावयाची.

इंग्रजांनी १७८८ साली ऑस्ट्रेलियात पहिली वसाहत वसविली, तेव्हा त्या खंडात हजारो वर्षांपासून माणसे राहत होती. त्यांच्या भाषा होत्या, त्यांचे कायदे होते, कोणत्या डोंगरावर व कोणत्या पाणवठ्यावर कोणत्या कुळाचा अधिकार आहे ह्याचे बिनचूक ज्ञान त्यांना होते. परंतु त्यांच्यापाशी कागद नव्हता. म्हणून इंग्रजी कायद्याने ती भूमी कोणाचीच नव्हती असे धरून चालण्यास आरंभ केला. हे गृहीत कृत्य तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढले ते ३ जून १९९२ रोजी, एडी माबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लढविलेल्या दाव्यात. निकाल ऐकावयास माबो हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते निवर्तले होते. भूमीला मालक होता, एवढे साधे सत्य मान्य होण्यास दोनशे चार वर्षे लागली. माणसांची गोष्टही निराळी नव्हती. देशाची लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना हिशेबात धरू नये, असे कलम तेथील राज्यघटनेत होते, आणि ते १९६७ च्या सार्वमताने काढून टाकण्यात आले. ज्यांची भूमी कोणाचीच नव्हती आणि ज्यांची स्वतःची गणतीच होत नव्हती, त्यांच्या दारातील कुत्रा त्यांचा आहे असे कोण मानणार?

आता त्या कुत्र्याकडे पाहा. डिंगो नावाचा रानकुत्रा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्या खंडात आला असे संशोधक मानतात. मूळ रहिवाशांनी त्याची पिल्ले उचलून आणावी, वाढवावी, त्यांच्याबरोबर राहावे, असा क्रम शतकानुशतके चालला. गोऱ्यांबरोबर पाळीव कुत्रे आले तेव्हा त्यांचाही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने स्वीकार केला. वाळवंटातील रात्री कडाक्याच्या थंड असतात. त्या थंडीत कुत्रा ही ऊब होती. तो शिकारीत सोबती होता, परका माणूस आला तर आगाऊ सूचना देणारा पहारेकरी होता. त्यांच्या पुराणकथांत कुत्रा हा पूर्वज आहे. अॅलिस स्प्रिंग्ज गावाशेजारच्या डोंगराचे मूळ नाव अल्हेकुल्येले. अरर्न्त लोकांच्या कथेत तो डोंगर म्हणजे रानकुत्र्याचे नाक आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील कित्येक वस्त्यांत तर कुटुंबातील माणसांप्रमाणे कुत्र्यालाही कुळनाम मिळते. मग तो कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा, हे नात्याच्या नियमाने आपोआप ठरते.

असा हा कुत्रा दिवसभर वस्तीत मोकळा फिरतो. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, घराला कुंपण नसते, नगरपालिकेचा बिल्ला नसतो. शहरातून मोटारीने आलेला अधिकारी त्याला पाहतो आणि आपल्या वहीत 'भटका' असे लिहितो. परंतु त्याच वस्तीतील सात वर्षांच्या मुलाला विचारा. हा कुत्रा कोणाचा, त्याची आई कोणती, तो कोणत्या घरी निजतो, हे ते मूल क्षणात सांगेल. येथे खोटे कोणीच बोलत नाही. अधिकारी पट्टा शोधतो, मूल नाते सांगते. परंतु वही अधिकाऱ्याच्या हाती असते. म्हणून खरा कोण ह्याचा निर्णय होण्यापूर्वीच त्याचा शब्द कायदा होऊन बसतो.

ह्याचा परिणाम काय झाला तो पाहू. पश्चिम ऑस्ट्रेलियातील १९०३ च्या कुत्र्यांविषयीच्या कायद्याने मूळ रहिवाशाला एक कुत्रा नोंदणीवाचून बाळगण्याची मुभा दिली. मुभा म्हणून दिलेली ही गोष्ट वस्तुतः मर्यादा होती. त्याहून अधिक कुत्रे पोलिसांच्या बंदुकीला बळी पडत. पुढे मिशनऱ्यांच्या आणि सरकारच्या वसाहतींत लोकांना एकत्र आणून बसविण्यात आले. फिरत्या जीवनात कुत्र्यांची संख्या अन्नाच्या मानाने आपोआप आवरली जाई. एका जागी बसविलेल्या वस्तीत उकिरडा आला, उष्टे आले, आणि कुत्रे वाढले. वाढले तेव्हा गोळी घालण्याचे दिवस ठरू लागले. बंदूकधारी यावा, वस्तीत फिरावे, दिसेल त्या कुत्र्यावर गोळी झाडावी आणि निघून जावे. मुलांच्या डोळ्यांदेखत, म्हाताऱ्या बायकांच्या पायाशी बसलेले कुत्रे मारले गेले. ज्याला घरच्यांनी नातू म्हणावे त्याचे शव उकिरड्यावर फेकले जावे, आणि त्याविषयी विचारणा कोठे करावयाची हेही कोणाला ठाऊक नसावे, ह्यापरते असाहाय्य जिणे कोणते?

कोणी म्हणेल, भावनेची गोष्ट सोडा. निदान काम तर झाले? वकील ह्या नात्याने आम्ही पुरावा पाहतो, आणि पुरावा असे सांगतो की काम झाले नाही. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. एका वर्षात तिची दोन वेते होऊ शकतात आणि एका वेतात पाच-सहा पिल्ले ही सामान्य गोष्ट आहे. दहापैकी सहा कुत्रे मारले तर त्या सहांचे अन्न उरलेल्या चारांना मिळते, त्यांची पिल्ले अधिक जगतात, आणि वर्ष-दीड वर्षात संख्या पूर्ववत होते. शिवाय गोळी झाडणारा येणार अशी कुणकुण लागताच लोक आपले कुत्रे लपवितात. पुढे औषध घेऊन खरा पशुवैद्य आला तरी त्याच्यापुढे कोणी कुत्रा आणीत नाही. एका दिवसाच्या गोळीबाराने पुढील दहा वर्षांचा विश्वास मारला जातो.

ह्याच संदर्भात खरजेची हकीकत विशेष बोधप्रद आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील ह्या वस्त्यांत लहान मुलांना खरूज मोठ्या प्रमाणावर होते. खाजवून जखमा होतात, जखमांत जंतू शिरतात, आणि त्यातून मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. हृदयाच्या विकाराशीही त्याचा संबंध जोडला जातो. वस्तीतील कुत्रेही लूत लागून केस गळालेले असत. तेव्हा निष्कर्ष सोपा होता: ही माणसे कुत्र्यांबरोबर निजतात, म्हणून त्यांना खरूज होते. दोष कुत्र्याचा, आणि कुत्र्याला जवळ करणाऱ्या माणसाच्या सवयीचा! पुढे शास्त्रज्ञांनी माणसाच्या अंगावरील व कुत्र्याच्या अंगावरील खरजेचे किडे घेऊन त्यांच्या अनुवंशाची तपासणी केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात असे दिसून आले की एकाच वस्तीतील, एकाच घरातील असले तरी हे दोन्ही किडे अनुवंशाने भिन्न आहेत. मुलांची खरूज कुत्र्यांपासून येत नव्हती. ती माणसापासून माणसाला होत होती. आणि माणसापासून माणसाला ती इतक्या झपाट्याने का होत होती? कारण एकेका लहान घरात दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे कोंबलेली होती. नळ बिघडला तर तो दुरुस्त करावयास शेकडो मैलांवरून माणूस यावा लागे.

वाचकहो, ही गोष्ट आपण लक्षपूर्वक वाचावी. घरे बांधून देण्याची जबाबदारी ज्याची होती तो सुटला, आणि दोष मात्र गरिबाच्या सवयींवर आला. आपणांस ही रीत अपरिचित नाही. वस्तीला पाणी द्यावयाचे नाही आणि मग वस्तीला अस्वच्छ म्हणावयाचे, ही युक्ती ह्या देशात फार जुनी आहे. म्हणून रोगाचे कारण सांगणारा माणूस आला की त्याला प्रथम पुरावा विचारावा. कुत्र्यांपासून माणसाला काही रोग होतात हे खरे. परंतु कोणता रोग कशाने होतो हे तपासल्यावाचून शिक्षा ठोठावणे न्यायालयात चालत नाही, ते सार्वजनिक आरोग्यातही चालू नये.

तर मग करावयाचे काय? कुत्र्यांची संख्या वाढू द्यावी, त्यांनी उपाशी हिंडावे, मुलांना चावावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या वस्त्यांत मार्ग सापडला तेथील कार्यपद्धती पाहिली म्हणजे उत्तर मिळते. डार्विन शहरात २००४ साली अॅमरिक ह्या संक्षिप्त नावाची संस्था स्थापन झाली. ग्रामीण व दुर्गम मूळ रहिवासी वस्त्यांतील प्राण्यांची व्यवस्था हाच तिचा उद्देश. पशुवैद्य, आरोग्यसेवक, ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्था आणि त्या वस्त्यांतील लोक ह्यांना तिने एकत्र आणले. तिच्या कामाचे मर्म शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी नाही, ते त्याच्या अगोदरच्या टप्प्यात आहे.

ही पद्धत थोडक्यात अशी. पशुवैद्याची तुकडी वस्तीत जाण्यापूर्वी तेथील वडीलधाऱ्यांची परवानगी घेते. वस्तीत कोणी निवर्तले असेल आणि सुतक चालू असेल, तर तुकडी आपला दौरा पुढे ढकलते. वस्तीतीलच एक-दोन माणसांना ह्या कामाचे शिक्षण देऊन पगारी नेमलेले असते. ते पशुवैद्याला घेऊन दारोदार फिरतात. प्रत्येक घरी विचारले जाते: हा कुत्रा कोणाचा? ह्याचे नाव काय? ह्याची नसबंदी करावयाची काय? ही मादी एकदा व्यावी अशी आपली इच्छा आहे काय? मालक 'हो' म्हणाला तर वहीत नोंद होते, 'नाही' म्हणाला तरी नोंद होते, आणि त्या नकाराचा मान राखला जातो. नकार देणाऱ्याच्या कुत्र्यालाही लुतीचे व जंतांचे औषध मिळते. एखाद्या पडवीत किंवा शाळेच्या शेडमध्ये शस्त्रक्रिया होतात आणि संध्याकाळी कुत्रा आपल्या घरी परत जातो. पुढच्या खेपेस तुकडी येते तेव्हा गेल्या वेळी नकार देणारा शेजाऱ्याचा धष्टपुष्ट कुत्रा पाहतो आणि पुष्कळदा आपण होऊन आपली कुत्री घेऊन येतो. असे दोन-चार वर्षे नियमाने चालले म्हणजे पिल्ले कमी होतात, मादीमागे लागणाऱ्या नरांच्या झुंडी कमी होतात, भांडणे व चावे कमी होतात, आणि जे कुत्रे उरतात ते निरोगी राहतात.

ह्या कामात लोकांचा स्वतःचा पुढाकार कोठवर जातो ह्याचे उदाहरण म्हणून युएन्डुमु गावाचे नाव घेता येईल. अॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे तीनशे किलोमीटरवर हे वॉर्लपिरी लोकांचे गाव आहे. तेथे १९८५ साली वॉर्लुकुर्लांगु ही चित्रकारांची संस्था स्थापन झाली. ज्यांना कोणी मजुरीवाचून काही जमेल असे मानीत नव्हते, त्यांची चित्रे जगभर विकली जाऊ लागली. त्या कलाकेंद्राच्या आधाराने गावातील कुत्र्यांच्या औषधपाण्याचा व नसबंदीचा कार्यक्रम उभा राहिला. कोणी उपकार करावे म्हणून हे लोक थांबले नाहीत. स्वतःच्या श्रमाच्या मिळकतीतून त्यांनी आपल्या जनावरांची सोय केली. स्वाभिमानाचा ह्याहून निर्मळ नमुना कोणता असू शकेल?

अडचणी नाहीत असे मात्र समजू नये. पावसाळ्यात उत्तरेकडील रस्ते पाण्याखाली जातात आणि वस्त्या आठवडेच्या आठवडे तुटून राहतात. पशुवैद्याला लहान विमानाने जावे लागते आणि खर्च वाढतो. उत्तर प्रांतात २००८ साली गावोगावच्या लहान स्थानिक मंडळांचे विलीनीकरण करून मोठमोठी मंडळे करण्यात आली, तेव्हा निर्णय घेणारा माणूस वस्तीपासून आणखी दूर गेला. एका वर्षी पैसा मिळतो, दुसऱ्या वर्षी मिळत नाही. आणि दोन वर्षे खंड पडला की केलेले काम वाया जाते. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील किम्बर्ली भागात एर्लिकिओसिस नावाचा रोग त्या देशातील कुत्र्यांत प्रथमच आढळला. तपकिरी गोचिडांमुळे तो पसरतो; कुत्र्याला ताप येतो, तो खंगतो, नाकातून रक्त वाहते आणि पुष्कळदा तो मरतो. थोड्याच काळात हा रोग उत्तर प्रांतात पसरला आणि दूरच्या वस्त्यांतील कुत्रे मोठ्या संख्येने दगावले. शहरातील कुत्र्याला गोचीड मारण्याचा पट्टा बाजारात मिळतो, औषध कोपऱ्यावर मिळते. दुर्गम वस्तीतील कुत्र्याला ते मिळत नाही. जेथे सेवा पोहोचत नाही तेथे रोग पोहोचतो, हा नियम माणसांना जसा लागू आहे तसाच जनावरांनाही आहे.

आणखी एक भय त्या किनाऱ्यावर घिरट्या घालीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरील कुत्र्यांत रेबीज नाही, परंतु शेजारच्या बेटांवर तो आला आहे. २००८ साली बाली बेटावर त्याने प्रवेश केला. प्रथम तेथे विष घालून कुत्रे मारण्याचा सपाटा लावण्यात आला, तरी रोग हटला नाही. लोक कुत्रे घेऊन दुसऱ्या गावी पळाले आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. पुढे २०१० पासून बेटभर लसीकरण हाती घेतले तेव्हा कोठे रोग मागे हटू लागला. एखाद्या भागातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस टोचलेला कुत्रा मारणे म्हणजे आपल्याच तटबंदीची वीट काढणे होय. आणि लस टोचावयाची तर कुत्रा कोणीतरी धरून दिला पाहिजे. तो मालकच धरून देऊ शकतो. ज्या मालकाला तुम्ही काल मालक मानले नाही, तो आज तुमच्या हाती कुत्रा का देईल?

मालकाला न विचारण्याची किंमत राज्याला किती द्यावी लागते, ह्याचा दाखला कायद्याच्या दप्तरात पाहावयाचा असेल तर ऑस्ट्रेलिया क्षणभर बाजूला ठेवून पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे, कॅनडातील इनुइट लोकांकडे वळावे लागेल. बर्फावरून घसरगाडी ओढणारे कुत्रे हेच त्या लोकांचे वाहन, हेच शिकारीचे साधन, आणि हिमवादळात घरची वाट शोधून देणारा वाटाड्याही तेच. १९५० नंतरच्या पंचवीस वर्षांत हे लोक सरकारी वसाहतींत येऊन राहू लागले, तेव्हा मोकळे सोडलेले कुत्रे बांधून ठेवावेत, नाहीतर मारावेत, असा कायदा त्यांना लागू करण्यात आला. कायदा इंग्रजीत, लोकांची भाषा इनुक्टिटुट. तो त्यांना नीट समजावून सांगण्याची तसदी क्वचितच घेण्यात आली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. ज्याचे कुत्रे गेले त्याची शिकार गेली, शिकार गेली तेव्हा अन्न गेले, आणि स्वतंत्र माणूस सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहिला.

ही जखम लोकांनी विसरू दिली नाही. २००६ साली पोलिसांनी स्वतःच स्वतःची चौकशी करून आपणांस निर्दोष ठरविले, तेव्हा इनुइट संघटनेने स्वतःचा सत्यशोधन आयोग नेमला. निवृत्त न्यायाधीश जेम्स इग्लोलिओर्ते, जे स्वतः त्याच समाजाचे, त्याचे आयुक्त झाले. गावोगाव फिरून त्यांनी म्हाताऱ्यांच्या साक्षी घेतल्या आणि २०१० साली अहवाल दिला. त्याच वर्षी क्वेबेक प्रांतासाठी न्यायाधीश जाँ-जाक क्रोतो ह्यांनीही आपला अहवाल सादर केला; प्रांताच्या पोलिसांनी हजाराहून अधिक कुत्रे मारले आणि त्या कुटुंबांचे काय होईल ह्याचा विचार केला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०११ साली क्वेबेक सरकारने ३० लक्ष डॉलर दिले. १४ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारच्या मंत्र्यांनी इकालुइट येथे क्षमा मागितली, आणि २३ नोव्हेंबर २०२४ रोजी नुनाविकच्या इनुइटांची क्षमा मागून साडेचार कोटी डॉलर देऊ केले. पन्नास-साठ वर्षांनी का होईना, राज्याला कबूल करावे लागले की ते कुत्रे बेवारस नव्हते. हा विजय बंदुकीने मिळविलेला नाही. तो साक्षीने, नोंदींनी आणि चिकाटीने मिळविलेला आहे. आपण हे ध्यानी धरावे.

आता एका आक्षेपाला सरळ उत्तर देणे अगत्याचे आहे. दुर्गम वस्त्यांत कुत्र्यांच्या झुंडींनी माणसांवर हल्ले केले आहेत, त्यांत माणसे प्राणासही मुकली आहेत. आपले मूल ज्याच्या तोंडी गेले त्या आईला कुळनामाची आणि पुराणकथेची कथा कोणी सांगू नये. माणसाचा जीव प्रथम, ह्याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. चावरा ठरलेला कुत्रा, असाध्य रोगाने तडफडणारा कुत्रा, ह्यांना वेदनारहित मरण देणे हे काही प्रसंगी कर्तव्यच होते, आणि वर सांगितलेल्या पद्धतीतही ते केले जाते. परंतु तेथे भेद असा की कोणता कुत्रा हे वस्ती ठरविते, मालकाची संमती घेतली जाते, काम पशुवैद्याच्या सुईने एकांतात होते, आणि शव मालकाला परत मिळते. न्यायालयाने दिलेली शिक्षा आणि जमावाने केलेली हत्या ह्यांत जे अंतर आहे तेच अंतर येथे आहे. दोन्हींत मृत्यू असतो. न्याय एकाच ठिकाणी असतो.

ह्या सर्व हकीकतीचा आपल्याशी संबंध काय? आपण तर 'भटका' हा शब्द माणसांनाही लावलेला पाहिला आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ह्या देशातील कित्येक फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि तो शिक्का १९५२ साली पुसला जाईपर्यंत त्या जमातींच्या पिढ्या हजेऱ्या देत राहिल्या. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे व कुत्री पाणी पीत आणि माणसाला मज्जाव होता, ही गोष्ट तर आपल्या घराघरांतील मुलांना पाठ आहे. कोणी म्हणेल, ज्यांना कुत्र्याहून खाली लेखले गेले त्यांनी कुत्र्याची कणव का करावी? आमचे उत्तर असे की, महाडचा लढा तळ्यावरून कुत्र्याला हाकलण्यासाठी नव्हता. तो माणसाला माणसाचा अधिकार मिळावा म्हणून होता. नागपूरला १९५६ साली घेतलेल्या प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. दुर्बळाच्या दयेला लोक भीती म्हणतात. अधिकार जाणणाऱ्याच्या दयेला मैत्री म्हणतात.

आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयाच्या दारी आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली आणि नव्याने २०२३ साली झालेल्या नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात कोंडावेत असा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेले व हल्लेखोर कुत्रे वगळता इतरांना नसबंदी व लस देऊन त्यांच्या जागी परत सोडावे असे सांगितले. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांतून कुत्रे हलवून ते तेथे परत सोडू नयेत असे ठरविले. ह्या वादात कुत्र्यांचे कैवारी बोलले, त्यांचे विरोधकही बोलले. परंतु ज्या वस्त्यांच्या शेजारी शहराचा कचरा टाकला जातो, आणि म्हणून जेथे कुत्रे सर्वांत अधिक आणि चावेही सर्वांत अधिक, त्या वस्त्यांचा आवाज त्यात किती ऐकू आला? तो आवाज आपणच उठविला पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे आहे की प्रत्येक वस्तीने बैठक घेऊन आपल्या वस्तीतील कुत्र्यांची यादी करावी: कोणता कोणाच्या आधाराने राहतो, कोणाला लस मिळाली, कोणती मादी व्यावयाची आहे, कोणता चावतो. ही यादी जोडून नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा. अर्जात नसबंदी व लस मागावी, कचरा उचलण्याची मागणी करावी, आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सदैव शिल्लक असावी असे बजावावे. अर्जाची पोच घ्यावी व ती जपून ठेवावी. कोणाला कुत्रा चावलाच, तर जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, मिरची, चुना ह्यांपैकी काहीही भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस बहुधा हाती लागत नाही. त्याअगोदर घेतलेली लस मात्र प्राण वाचविते.

युएन्डुमुच्या चित्रकाराने आणि उत्तरेच्या इनुइट म्हाताऱ्याने आपणांस एकच गोष्ट शिकविली आहे. आपल्या वस्तीतील प्रत्येक जीवाची नोंद आपल्या वहीत असावी, आपल्या भाषेत असावी, आणि परका माणूस वही घेऊन दारी आला तर आपली वही त्याच्यासमोर उघडी करून ठेवता यावी. ज्यांची नोंद आहे त्यांना बेवारस ठरविणे कोणत्याही कायद्याला सोपे जात नाही.